बॉनेटवरचा भोवरा

या, जवळ सरा. खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढं यावं. ही गोष्ट लांबून ऐकली तर नुसतं हसू येईल, जवळून ऐकली तर आणखीही काही येईल. पखवाजाला कणीक लावून होतेय तोवर निमोण्याच्या पोपटरावांनी जुनी फोर व्हील गाडी कशी पारखली ते ऐका. रामकृष्णहरी म्हणून ऐका, कारण एवढं शहाणपण एका दिवशी एका आवारात गोळा झालेलं शिरूर तालुक्यानं त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि देवाच्या दयेनं नंतरही नाही.

पोपटरावांची जुनी जीप नदीकाठी बसली ती उठलीच नाही, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. पोपटरावांना, म्हणजे घरच्या आबांना, जीप गेल्याचं दुःख होतं ते पारावर मिरवायचं साधन गेलं म्हणून. खरं अडलं होतं सूनबाईचं. माया जनावरांची डॉक्टर. सकाळी शिरूरचा दवाखाना उघडायचा, आणि फोन आला की पेटी उचलून घोड नदीच्या काठाकाठानं वस्त्यांवर पळायचं. तिथं डांबर संपतं, मुरूम संपतो, आणि मग काळ्या रानातली पांद सुरू होते. कालव्याचं आवर्तन सुटलं की त्या पांदीत माणसाची चप्पल राहते, मोटारसायकलीचं काय घेऊन बसलात!

माया ताटावर बसून स्पष्ट बोलली होती. "आबा, दौंडच्या पशुखाद्याच्या कंपनीनं ऑफिसात नोकरीला बोलावलंय. सोमवारी कळवायचंय. वस्तीवर पोचणारी गाडी असेल तर मी इथंच आहे. नसेल तर दवाखाना बंद करते आणि दौंडला खोली बघते. जनावर मेल्यावर पोचणारी डॉक्टर मला व्हायचं नाही."

आबांनी ताकाचा भुरका मारला. नवरा पृथ्वीराज भाताकडं पाहत राहिला. घास अडला तो आबांच्या बायकोचा, सरूबाईंचा. गावोगावच्या सप्त्याला सासूला पोचवणारी, आणि कीर्तन संपेस्तोवर मंडपाच्या मागं ताटकळत उभी राहणारी ही सून. तिचा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात गेलेला सरूबाईंनी पाहिला होता आणि मनातल्या मनात तिची दृष्ट काढली होती. तोंडानं मात्र कधी काही म्हटलं नव्हतं. सासवांची जीभ अशा वेळी जड होते.

तर शनिवारी सकाळी पाच जणं शिरूरला निघाली. आबा, सरूबाई, पृथ्वीराज, माया आणि दौंडहून खास बोलावलेले साहेबराव मामा. साहेबराव म्हणजे सरूबाईंचे धाकटे बंधू. त्यांनी एके काळी उसाच्या वाहतुकीला ट्रक घेतला होता. तो दोन हंगाम चालला आणि तेव्हापासून चिंचेखाली उभा आहे. हल्ली त्यात कोंबड्या राहतात. तेवढ्या भांडवलावर मामा अख्ख्या सोयऱ्याधायऱ्यांत गाडीतले जाणकार ठरले होते. सरूबाईंना भावाचा फार अभिमान. माहेरचा माणूस सल्ला द्यायला येतो म्हणजे काय थोडं झालं!

जालिंदरचं जुन्या गाड्यांचं आवार पुणे-नगर रस्त्याच्या कडेला. तिथं चारी चाकांना जोर लागणाऱ्या दोनच गाड्या होत्या. एक काळी आणि एक करडी.

काळीचं काय वर्णन करावं! टायर असे रुंद की दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले, जेवण जास्त झालेल्या पाहुण्याच्या पोटासारखे. टपावर दिव्यांची रांग. पुढं लोखंडी शिंगं. दोन्ही बाजूंना चकचकीत स्टीलच्या पायऱ्या, जमिनीपासून वीतभर वर लोंबणाऱ्या. मागच्या दाराला एक शिडी होती. त्या शिडीनं टपावर चढून नेमकं करायचं काय, हे कुणी विचारलं नाही. करडी बिचारी एका ठेकेदाराकडून आलेली. उन्हानं रंग विटलेला, टायर सडपातळ, आणि बॉनेटवर नारळ पडून आलेला गोल पोचा.

"ही!" पृथ्वीराज काळीच्या काचेवर हात फिरवत म्हणाला. "मामा, हिच्यावर मागं नाव काय बसंल!"

सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या डोक्यात होतं. मुद्दे अजून सुचले नव्हते, पण काचेवरच्या अक्षरांचा रंग ठरला होता.

"भाच्या, नजर हाय तुझी," साहेबराव म्हणाले. "दाजी, टायर बघा टायर! हत्तीचा पाय हाय नुसता. चिखलात कुठं बी घाला."

"मामा, हत्ती चिखलात घातल्यावर काय होतं ते माहीत आहे ना?" माया म्हणाली. "आबा, मला रोज शिरूर-निमोणं करायचंय आणि अधनंमधनं पांदीत घालायची आहे. दिवे नकोत. टायर अरुंद पाहिजे, चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला लागणारा. पोट उंच पाहिजे, खाली काही लोंबणारं नको. आणि चारी चाकं जोडणारा तो गिअरशेजारचा छोटा दांडा खरोखर पडतो का, ते तिकडं मुरमाच्या ढिगावर चढवून बघू द्या."

"मॅडम, लग्नाच्या गाडीला कुणी ढिगावर चढवतं का?" जालिंदर हसला.

"लग्न झालंय माझं. गाडी कामाला पाहिजे."

असं म्हणून तिनं काय करावं? चहावाल्याकडून एक पोतं मागितलं, जमिनीवर अंथरलं, ओढणी कमरेला खोचली आणि पाठीवर पडून सरळ काळीच्या पोटाखाली शिरली. सासरे, मामेसासरे आणि चहावाला पाहत असताना!

आबांनी मान फिरवली आणि समोरच्या एसटीची पाटी मन लावून वाचायला घेतली. साहेबराव बहिणीच्या कानाशी आले. "अक्का, हे काय गं? बाईमाणूस गाडीखाली? दौंडात सांगितलं तर खोटं वाटंल."

"तिला सवय हाय," सरूबाई पुटपुटल्या. "लग्नाआधी दूध संघाच्या जीपमधनं फिरलीय." पण त्यांचेही कान तापले. भावापुढं घराची शोभा झाली, असं वाटलंच.

माया खालून बोलली. "पुढच्या चाकांना जोर नेणाऱ्या दांड्याचा जॉइंट ढिला आहे, हातानं हलतोय. आणि सगळ्या पोटाला ताजा काळा रंग दिलाय. खाली काय झाकलंय कोण जाणे." मग ती करडीखाली जाऊन आली. "ही कोरडी आहे. गंज नाही, गळती नाही. ही घ्या."

आता बोलायची पाळी आबांची. पोपटराव तरणेपणी बैल पारखायला चाकणच्या बाजारात जायचे. बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा बोटानं चाचपून तो धन्याला धार्जिणा की धन्याला खाणारा, हे सांगायचे. बैल गेले, गोठ्याचं गोदाम झालं, पण बोटांची खाज काही गेली नाही. ते करडीजवळ गेले. बॉनेटवरच्या गोल पोच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. चेहरा गंभीर झाला.

"पाव्हणं, हिकडं या. दोन डोळ्यांच्या बराबर मधी बसलाय बघा. उलटा भोवरा. असलं जनावर दाराला बांधलं तर वर्सात धन्याला खातंय."

"आबा, तो नारळ पडलाय," माया म्हणाली.

"नारळ तिथंच का पडला? बाजूच्या गाडीवर का न्हाई पडला?"

 साहेबरावांनी मान डोलावली, आणि पृथ्वीराजाच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की जणू त्याला सगळं शास्त्र आजच उमगलं. आदल्या रात्री खोलीत त्यानं बायकोला हो म्हटलं होतं. पृथ्वीराजाचं असंच, ज्याच्या हातात पळी त्याच्याकडं ताट. जालिंदरनं मात्र आबांकडं पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. काळी गेले दोन पावसाळे त्याच्या आवारात तळ ठोकून होती. तिला नेणारा शास्त्री घरबसल्या चालून आला होता.

"अक्का, तूच सांग," साहेबराव म्हणाले. "तुझ्या भावाला गाडीतलं कळतं का न्हाई कळत?"

सगळे सरूबाईंकडं वळले. मायाही वळली. तिच्या पाठीला पोत्याची धूळ होती. सरूबाईंना खरं काय ते कळत होतं, तुम्हाला कळतंय तेवढंच. पण प्रश्न गाडीचा राहिलाच नव्हता. भरल्या आवारात भावाला खाली बघायला लावायचं? माहेरचं नाक कापायचं?

"सायबा म्हणतोय तर काळीच घ्या," त्या म्हणाल्या.

 मायानं पोतं झटकलं, नीट चार घड्या घातल्या आणि चहावाल्याला परत दिलं. ओरडली असती तर सरूबाईंना सोपं गेलं असतं.

मग सौदा. आबांना तोंडानं भाव बोलणं कमीपणाचं वाटायचं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं जालिंदरच्या हातावर टाकलं आणि बैलबाजाराच्या रीतीनं खालून बोटं दाबायला सुरुवात केली. एक बोट, तीन बोटं, मूठ. डोळे मिटलेले, मिशीत हसू. जालिंदरला बोटांची भाषा अजिबात येत नव्हती. त्यानं प्रत्येक बोटाला मान डोलावली. उपरणं निघालं तेव्हा काचेवरच्या कागदावर जी किंमत होती तीच ठरली होती, आणि आबा साहेबरावांना म्हणत होते, "बघितलं का? तोंडातनं चकार शब्द न काढता उतरवला."

लिंबू चिरडलं, नारळ फोडला, हार चढला. काळी गाडी निमोण्याच्या रस्त्याला लागली. पुढं पृथ्वीराज आणि मामा, मागं दोन बायका आणि मधे आबा, मायाच्या पायाशी तिची पेटी.

"चारी जुंप," आबांनी हुकूम सोडला.

"आबा, नको," माया पटकन म्हणाली. "कोरड्या डांबरावर चारी चाकं जोडायची नसतात. वळणावर पुढची चाकं जास्त फिरतात, मागची कमी. मधल्या जॉइंटवर ताण येतो. चिखलात चाक घसरतं म्हणून तो ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. आणि तो जॉइंट आधीच ढिला आहे."

"शर्यतीच्या घाटात गाडा पळवताना चार बैल जुंपत्यात. त्यातलं दोन मोकळं सोडून कुणी पळवतं का?"

"बैल आपापल्या पायानं वळतात, आबा."

"पैसं चारी चाकांचं दिल्यात, सूनबाई," मामा हसले. "दोन काय म्हणून फुकट बसवायची?"

पृथ्वीराजानं आरशात बायकोकडं पाहिलं, मग मामाकडं पाहिलं, आणि छोटा दांडा ओढला. पहिल्या वळणावर गाडी आखडली. दुसऱ्याला उचक्या देऊ लागली. तिसऱ्याला खालून असा आवाज आला की सरूबाईंनी आबांचा गुडघा धरला.

"मस्ती हाय अंगात," मामा म्हणाले. "तरणं जनावर हाय. दाबून धर."

"माज उतरला की वठणीवर येतंय," आबा म्हणाले.

पृथ्वीराजाच्या कपाळावर घाम होता. तो बिचारा सुकाणूशी झोंबत होता आणि दोन्ही जाणकार जनावराच्या स्वभावाची चर्चा करत होते.

तेवढ्यात मायाचा फोन वाजला. नदीकाठच्या वस्तीवरची रशिदा. आवाज एवढा मोठा की गाडीत सगळ्यांना ऐकू आला. "डॉक्टरताई, म्हस अडलीय वं! सकाळधरनं कळा देतीय. एक पाय दिसतोय, मुंडकं न्हाई. मालक दुधाच्या गाडीसंगं गेल्यात, मी एकटीच हाय. लवकर या."

"पोचतेच. तिला ओढू नका, नुसती धरून ठेवा," माया म्हणाली. "अहो, पांदीत घ्या."

"आता कळंल गाडी काय चीज हाय ते!" साहेबरावांनी मांडीवर थाप मारली.

कळलं. पांदीच्या तोंडालाच कळलं. कालव्याचं पाणी रात्रीच रानात सुटलं होतं. हत्तीचे पाय चिखलावर एक क्षण तरंगले, मग त्यांच्या खाचा लोण्यानं भराव्यात तशा भरल्या आणि चाकं गुळगुळीत झाली. पृथ्वीराजानं जोर दिला. खाली तडाक् झालं, काहीतरी लोखंडी निसटून लोंबकळलं, आणि पुढची दोन्ही चाकं पारावरच्या म्हाताऱ्यांसारखी गप्प बसली. मागची फिरत राहिली आणि खोल खोल गेली. चकचकीत पायऱ्या नांगराच्या फाळासारख्या रुतल्या, आणि काळी गाडी पोटावर टेकली.

कुणी काही बोलायच्या आत माया खाली होती. चपला तिनं गाडीतच टाकल्या. पेटी डोक्यावर, दोर गळ्यात.

"ट्रॅक्टर बोलवूया की," पृथ्वीराज म्हणाला.

"गाडीला बोलवा," ती म्हणाली आणि चालू लागली.

सरूबाईंनी पलीकडचं दार उघडलं. उतरायला पायरी लागलीच नाही. चिखलच दारापर्यंत वर आला होता.

"अक्का! तू कुठं निघालीस ह्या वयात?"

"पेटी धरायला."

"आन् हितं गाडीपाशी?"

"तुम्ही तिघं हाय की जाणकार," सरूबाई म्हणाल्या. भावाशी त्या आयुष्यात पहिल्यांदा असं बोलल्या. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

पांद लांब. पाय टाकायचा, रुतलेला उपसायचा, पुढचा टाकायचा. सरूबाईंचा श्वास फुलला, पण हरिनाम त्यांनी श्वासाच्या तालावर लावून घेतलं. मायानं मागं वळून एकदा हात पुढं केला. तो धरताना "चुकलं गं" असं म्हणावं, असं सरूबाईंच्या ओठावर आलं. पण माया बोलायला थांबणारी नव्हती, आणि थांबायची वेळही नव्हती.

वस्तीवर म्हैस कुशीवर पडली होती. रशिदानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ओल्या फडक्यानं तोंड पुसत होती. "आल्या बघ तुझ्या डॉक्टरताई," ती म्हशीला म्हणाली.

मायानं बाह्या वर केल्या. पुढची सगळी झटापट सांगत नाही. ज्यांच्या गोठ्यात घडलंय त्यांना ठाऊक आहे. रेडकाची मान मागं मुडपली होती. ती सरळ करायची, दोर लावायचा, कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं. दोराचं एक टोक सरूबाईंच्या हातात होतं. "आता, आत्याबाई! आता सोडा!" सून हुकूम देत होती आणि सासू पाळत होती.

रेडकू बाहेर आलं. रेडी होती, काळीभोर. मायानं तिचं नाक-तोंड मोकळं केलं, मागचे पाय धरून उलटी लोंबवली, छाती चोळली, गवताची काडी नाकात घातली. पुन्हा छाती चोळली. मग हळूहळू तिचे हात थांबले.

"गेली," ती म्हणाली. "मघापर्यंत जीव होता. जिभेवरनं कळतंय. थोडं आधी पोचले असते तर..." वाक्य तिनं तिथंच सोडलं आणि म्हशीकडं वळली. म्हैस वाचली होती. तिला सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली.

रशिदानं रेडीवर पोतं टाकलं. डोळे पुसले आणि बादलीभर पाणी घेऊन आली. "पाय धुवा, ताई. मावशी, तुमी बी. केवढा चिखूल तुडवत आलाय! गाडी कुठं राहिली वं?"

माया पाय धूत राहिली.

"रुतली, बाई," सरूबाई म्हणाल्या. "चिखलात बी रुतली, आन् आमच्या अकलेत बी."

परत आल्या तेव्हा पांदीच्या तोंडाला ट्रॅक्टर आला होता. काळी गाडी साखळीनं ओढून बांधावर घेतली होती. हार चिखलात माखला होता. साहेबराव कमरेवर हात ठेवून उभे होते.

"अक्का, माझं एकच म्हणणं हाय," ते म्हणाले. "असली गाडी चिखलात घालायचीच न्हाई. हिची शान डांबरावर."

"मग फोर व्हील कशाला घेतली रं, सायबा? देव्हाऱ्यात ठिवायला?"

"तसं न्हाई अक्का..."

"तसंच हाय. तुझा ट्रक कोंबड्यांना झाला. ही गाडी बदकांना दे. निदान चिखलात तरी बसतील."

ट्रॅक्टरवाला फस्सकन हसला. पृथ्वीराज हसणार होता, पण आईनं त्याच्याकडं पाहिलं.

माया बांधावर बसून हात पुसत होती. "आत्याबाई, राहू द्या आता," ती शांतपणे म्हणाली. "मी सोमवारी दौंडला हो कळवते. कुणावर राग नाही. पण आजच्यासारखं पुन्हा मला जमायचं नाही."

सरूबाई नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या कधी चारचौघांत नवऱ्याला उलट बोलल्या नव्हत्या. घरातही बोलल्या असतील तर चुलीला.

"आवं, ऐकताय का? उद्या ती करडी गाडी दारात आली पायजे."

"अगं, भोवरा हाय तिला. धन्याला खाती."

"धनी कोण तिचा? चालवणार ही. हिला काय व्हायचं न्हाई, हिच्या हातात जीव वाचवायचं बळ हाय. आन् खाल्लंच कुणाला तर मला खाऊ द्या. त्या रशिदाची रेडी भोवऱ्यानं न्हाई मेली, आबा. तुमच्या बोटानं मेली. आन् माझ्या जिभेनं. मला सगळं कळत हुतं, तरी म्या काळी म्हणाले. भावाचं तोंड राखलं."

'आबा' त्या नवऱ्याला कधी म्हणत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, गाव म्हणतं तसं, परक्यासारखं. पोपटरावांनी उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"आन् न्हाई आणली तर?"

"तर सोमवारी मी बी दौंडला जाते. सायबाच्या घरी न्हाई. हिच्या खोलीवर. हिची भाकरी थापीन. तुम्ही पारावर बसून भोवरं मोजा."

माया उठून उभी राहिली होती. तिनं सरूबाईंचा हात धरला.

रविवारी करडी आली. जालिंदरनं काळी परत घेताना आबांची किती सालटी काढली, ते आबांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. या वेळी मात्र उपरणं टाकलं नाही, सगळं तोंडानं बोलले. साहेबराव दुपारच्याच एसटीनं दौंडला गेले. पृथ्वीराज करडीच्या काचेवर नाव टाकायचं म्हणत होता, पण मायानं किल्ली खिशात टाकली तेव्हा त्यानं तो विषय सोडला. सोमवारी सकाळी तिनं दौंडला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि शिरूरच्या आधी गाडी पांदीत घातली. छोटा दांडा टाकला. करडी कण्हत, हळूहळू, म्हातारी गाय चढण चढते तशी सरळ वस्तीवर पोचली. म्हैस उभी होती. कडबा खात होती.

एवढीच गोष्ट. आबांना विसरा, मामांना विसरा, काळीच्या त्या शिडीलाही विसरा. विसरायच्याच लायकीचं होतं ते सगळं. हात जोडून मागणं एकच आहे. उद्या घरात काही घ्यायचं ठरेल, शहाणी माणसं गोळा होतील, ज्याच्या-त्याच्या नाकाचा हिशेब निघेल, तेव्हा त्या रशिदाची आठवण ठेवा. आपल्यातल्या कुणालाच ती त्या आवारात दिसली नव्हती. ती म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन पांदीकडं बघत बसली होती.